एका कॅसेटच्या दोन बाजू

हिंदी चित्रपटगीते आणि पाश्चात्त्य रॉक संगीत यांची एकाच वेळी आवड असणे ही गोष्ट आपल्या मराठी घरांत फार काळ प्रतिष्ठेची मानली जात नसे. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आम्हां इंदूरकरांना तर हा प्रश्न अधिकच नाजूक वाटे. भाषा, सणवार आणि संगीत यांवरच आमची ओळख उभी होती. त्यामुळे नाट्यगीत, अभंग व भावगीत ही आपली. चित्रपटगीत चालवून घेण्याजोगे. आणि रॉक म्हणजे निव्वळ परका गोंगाट, अशी प्रतवारी आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पुढे १९८० च्या दशकात दुकानातून हवी ती गाणी कॅसेटवर भरून घेण्याची सोय झाली, तेव्हा आमच्या पिढीने नव्वद मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूस हिंदी आणि दुसऱ्या बाजूस इंग्रजी गाणी भरून घेतली. ही निवड म्हणजे मुळे तुटल्याचे लक्षण, असे तेव्हा घरोघरी बोलले गेले. इतिहास मात्र निराळी साक्ष देतो.

आमच्या पहिल्या बाजूवरील पहिले गाणे 'अलबेला' (१९५१) मधील 'शोला जो भडके'. संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर. पडद्यावर भगवानदादा, स्वर चितळकरांचा स्वतःचा आणि आमच्या इंदुरात जन्मलेल्या लताबाईंचा. दुसऱ्या बाजूवरील पहिले गाणे बिल हेली यांचे 'रॉक अराउंड द क्लॉक'. त्याचे ध्वनिमुद्रण १९५४ चे. येथे सनावळीकडे लक्ष द्यावे. चितळकरांची ही ठेकेबाज चाल रॉकच्या त्या गाजलेल्या गाण्याच्या तीन वर्षे आधीची आहे. ती त्याची नक्कल असूच शकत नाही. अमेरिकन नृत्यवाद्यवृंदांच्या स्विंग संगीतातून एक प्रवाह तिकडे रॉककडे गेला आणि दुसरा मुंबईच्या हॉटेलांतून चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणगृहांत आला. म्हणजे ही दोन्ही गाणी परस्परांची चुलत भावंडे होत.

मुंबईत तो प्रवाह आणणारे हात बहुतांशी गोमंतकीयांचे होते. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवली जाई. पोटापाण्यासाठी मुंबईस आलेल्या या वादकांना कागदावरील स्वर पाहताक्षणी वाजवता येत. आपले बहुतेक संगीतकार चाल गाऊन किंवा पेटीवर वाजवून दाखवीत. ती कागदावर उतरवून व्हायोलिन, ट्रंपेट, सॅक्सोफोन यांना वाटून देणे हे काम संयोजकाचे. हळदोण्याचे आंतोनियु शाव्हिएर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, ट्रंपेट वाजवीत आणि सी. रामचंद्र यांचे सहायकही होते. 'अलबेला'त त्यांचा वाद्यवृंद पडद्यावरही दिसतो. शंकर-जयकिशन यांच्यामागे सेबॅस्टियन डिसोझा उभे होते. 'आशा' (१९५७) मधील 'ईना मीना डीका'च्या निरर्थक भासणाऱ्या शब्दांत 'मला नको' अशा अर्थाचे चक्क कोंकणी शब्द आहेत. ही वादकमंडळींची खूणच म्हणावी.

या मिश्रणास विरोध करणारा सर्वांत प्रबळ आवाजही मराठीच होता. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणीमंत्री झाले आणि त्याच वर्षी आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली. केसकरांना न्याय द्यायचा तर संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रमही त्याच वर्षी सुरू झाला आणि अभिजात गायन घरोघर पोहोचले, हे सांगितलेच पाहिजे. परंतु परिणाम त्यांच्या हेतूच्या उलट झाला. श्रोत्यांनी लघुलहरींवर रेडिओ सिलोन लावला. डिसेंबर १९५२ मध्ये तेथे अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि बुधवारची रात्र तिची झाली. त्याच केंद्रावरून इंग्रजी गाणीही प्रसारित होत. म्हणजे शुद्धतेच्या आग्रहाने श्रोत्यांना नेऊन सोडले ते नेमके अशा जागी, जेथे दोन्ही संगीते शेजारी शेजारी नांदत होती! ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करून सरकारने वाट बदलली, तोवर आवड घडून गेली होती.

पुढे देवघेव उघड झाली. बीटल्सच्या 'आय वाँट टू होल्ड युअर हँड'ची चाल 'जानवर' (१९६५) मध्ये उचलली गेली. ही उसनवारी कोणी नाकारणार नाही. पण जानेवारी १९६८ मध्ये त्याच बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसन मुंबईस आले आणि एचएमव्हीच्या ध्वनिमुद्रणगृहात त्यांनी भारतीय वादकांसह काम केले. 'द इनर लाइट'चे वाद्यसंगीत तेथेच मुद्रित झाले. मार्चमध्ये निघालेल्या तबकडीच्या एका बाजूस 'लेडी मॅडोना' हे रॉक गाणे होते आणि दुसऱ्या बाजूस मुंबईत वाजवलेले हे गाणे. आम्ही पुढे कॅसेटवर जे केले, ते खुद्द बीटल्सनी आधीच केले होते. 'बोहेमियन रॅप्सोडी' (१९७५) रचणारे फ्रेडी मर्क्युरी, मूळचे फारोख बुलसारा, यांनी शाळकरी वयात आपला पहिला वाद्यवृंद उभारला तो आपल्या पाचगणीत. दुसरी बाजू संपूर्ण परकी मानणे येथेच अवघड होते.

परके कोण आणि आपले कोण, या वादात खरा अन्याय मात्र वादकांवर झाला. ध्वनिमुद्रिकेवर चित्रपटाचे, संगीतकाराचे व गायकाचे नाव येई, वाजवणाऱ्यांचे नसे. संयोजकाची बोळवण बहुधा 'सहायक' या शब्दावर होई. 'द इनर लाइट'च्या तबकडीवरही मुंबईच्या वादकांची नावे नव्हती. 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मधील 'माय नेम इज अँथनी गोन्साल्विस' हे गाणे आम्ही सर्वांनी गुणगुणले. पण ते नाव माजोर्ड्याच्या एका खऱ्या व्हायोलिनवादकाचे आहे, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांतील प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले आणि ते नाव ही शिष्याची गुरुदक्षिणा आहे, हे किती जणांस ठाऊक होते? गोन्साल्विस २०१२ मध्ये वारले. ग्रेगरी बूथ आणि नरेश फर्नांडिस यांच्यासारख्या अभ्यासकांनी अलीकडे ही नावे नोंदवली, हे त्यांचे उपकार होत.

आता कॅसेट गेली. नातवंडे आपल्या आवडीची यादी भ्रमणध्वनीवर करतात आणि तीत हिंदी-इंग्रजी असा भेद त्यांना जाणवतही नाही. त्यांना शुद्धतेचे धडे देण्याऐवजी 'शोला जो भडके' लागले की ट्रंपेटकडे लक्ष द्यायला सांगावे, आणि ते वाजवणाऱ्यांच्या पिढीतील चिक चॉकलेट हे नाव लताबाई व चितळकर यांच्या जोडीने त्यांच्या कानावर घालावे.