उरलेल्या जागेचे प्रवासी आणि शहराचे दुसरे विमानतळ

स्टँडबाय म्हणजे पक्के आरक्षण नसताना, ऐनवेळी रिकाम्या राहिलेल्या जागेवर केलेला विमानप्रवास. प्रवासी विमानतळावर हजर असतो, त्याचे नाव यादीत असते, आणि दार बंद होण्याच्या जरा आधी काउंटरवरचा कर्मचारी न आलेल्यांच्या जागा यादीतल्या नावांना क्रमाने देतो. आपल्या रेल्वेच्या वेटिंग लिस्टशी हे वरवर जुळते. मात्र रेल्वेचा चार्ट आधी लागतो, इथला निकाल थेट दाराशी लागतो. शहराला एकच विमानतळ असेल तर गोष्ट इथेच संपते. न्यूयॉर्क किंवा लंडनसारख्या शहरांत मात्र आणखी एक प्रश्न उभा राहतो. तिकीट न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळाचे असताना जवळच्या नेवार्क विमानतळाहून सुटणाऱ्या विमानातली रिकामी जागा मागता येते का? या प्रश्नाचे उत्तर काळाप्रमाणे बदलत गेले. ते ठरवले ते भाड्याच्या नियमांनी, सामानाच्या व्यवस्थेने आणि विमाने किती भरून जातात या हिशेबाने.

तिकिटावरचे शहर आणि प्रत्यक्षातली धावपट्टी यांतला फरक पहिल्यांदा गाजला तो न्यूयॉर्कमध्ये. 1928 मध्ये सुरू झालेले नेवार्क हे त्या महानगराचे मुख्य विमानतळ होते, पण ते हडसन नदीच्या पलीकडे, न्यू जर्सी राज्यात. 1934 मध्ये न्यूयॉर्कचे महापौर फिओरेलो लाग्वार्डिया टीडब्ल्यूए या कंपनीच्या विमानाने नेवार्कला उतरले, तेव्हा त्यांनी जागेवरून उठायला नकार दिला. आपल्या तिकिटावर न्यूयॉर्क लिहिले आहे आणि हे न्यूयॉर्क नव्हे, असे त्यांचे म्हणणे. अखेर विमान ब्रुकलिनमधल्या फ्लॉइड बेनेट फील्डवर नेऊन त्यांना उतरवावे लागले. पुढे 1939 मध्ये क्वीन्स भागात शहराचे स्वतःचे मोठे विमानतळ उभे राहिले आणि त्याला त्यांचेच नाव मिळाले. 1948 मध्ये आयडलवाइल्ड सुरू झाले. 1963 च्या डिसेंबरात त्याचे नाव जॉन एफ. केनेडी विमानतळ झाले. तोवर ही तिन्ही विमानतळे पोर्ट ऑथॉरिटी या एकाच संस्थेच्या हाती आली होती.

महापौरांचा हट्ट काही असो, अमेरिकी नियमन मंडळाने, म्हणजे सिव्हिल एरोनॉटिक्स बोर्डाने, न्यूयॉर्क आणि नेवार्क यांना एकच ठिकाण मानले. भाडे शहराच्या जोडीवर ठरे: न्यूयॉर्क ते शिकागो एवढे, मग उड्डाण तिन्हींपैकी कुठूनही असो. पूर्ण भाड्याचे तिकीट त्या काळी जवळजवळ रोख रकमेसारखे चाले. एका कंपनीचे विमान चुकले तर तेच तिकीट दुसऱ्या कंपनीच्या काउंटरवर दाखवता येई, आणि न सांगता गैरहजर राहिल्यास दंडही नसे. म्हणजे कागदोपत्री प्रवासी लाग्वार्डियावरची जागा सोडून नेवार्कच्या रांगेत जाऊन उभा राहू शकत होता. या काळाचे श्रेय नीट मोजले गेलेले नाही. भाडी चढी होती हे खरे, पण संपूर्ण शहर एकच स्थानक असल्याची सोय प्रवाशाला तेव्हा जितकी होती तितकी नंतर उरली नाही.

अडचण होती ती प्रत्यक्ष पोहोचण्याची. मॅनहॅटनच्या पूर्व भागात पहिल्या अॅव्हेन्यूवर ईस्ट साइड एअरलाइन टर्मिनल होते. तिथून लाग्वार्डिया आणि आयडलवाइल्डच्या बसगाड्या सुटत. नेवार्कसाठी पश्चिमेला वेगळे टर्मिनल बांधले गेले. घाईतल्या प्रवाशांसाठी न्यूयॉर्क एअरवेज या कंपनीने 1953 च्या जुलैत तिन्ही विमानतळांमध्ये हेलिकॉप्टरची प्रवासी सेवा सुरू केली. हडसन आणि ईस्ट रिव्हर या दोन्ही नद्या ओलांडून काही मिनिटांत एका विमानतळावरून दुसऱ्यावर जाता येऊ लागले. 1977 च्या मे महिन्यात मॅनहॅटनमधल्या पॅन अॅम इमारतीच्या छतावर, जिथे ही हेलिकॉप्टरे उतरत, झालेल्या अपघातात पाच माणसे दगावली, आणि 1979 मध्ये कंपनी बंद पडली. त्यानंतर तिन्ही विमानतळांना इतक्या वेगाने जोडणारी अशी नियमित सेवा तिथे रुजली नाही.

जागा मिळेल की नाही ही धास्तीच काढून टाकण्याचा सर्वांत धाडसी प्रयोग ईस्टर्न एअर लाइन्सने केला. 30 एप्रिल 1961 रोजी तिने न्यूयॉर्कला बॉस्टन आणि वॉशिंग्टनशी जोडणारी शटल सेवा सुरू केली. न्यूयॉर्कच्या बाजूने या सेवेचे ठाणे मुख्यतः लाग्वार्डिया होते. आरक्षण नाही, जागा नक्की. प्रवाशाने ठरल्या वेळेआधी दारात यायचे आणि विमानात बसायचे. भाडे विमान हवेत गेल्यावर गोळा होई: परिचारिका आसनांमधल्या वाटेने गाडा ढकलत येत आणि एकेकाकडून पैसे घेऊन पावती देत. पहिले विमान भरले की दुसरे दाराशी आणले जाई, मग त्यात एकच प्रवासी उरला असला तरी. सुरुवातीला यासाठी लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीची जुनी पंख्याची विमाने वापरली. नवी जेट विमाने आल्याने ती मोकळी झाली होती आणि नुसती उभी ठेवण्यापेक्षा राखीव म्हणून वापरणे परवडत होते. स्टँडबायमध्ये प्रवासी रिकाम्या जागेची वाट पाहतो; इथे रिकामे विमान प्रवाशाची वाट पाहत असे. त्यामुळे या मार्गांवरच्या नोकरदारांना दुसऱ्या विमानतळाचा विचार करायचे कारणच राहिले नाही. पुढे 1986 मध्ये पॅन अॅमने लाग्वार्डियाच्याच जुन्या मरीन एअर टर्मिनलमधून स्पर्धक शटल सुरू केली, आणि 1989 मध्ये ईस्टर्नची शटल डोनाल्ड ट्रम्प यांनी विकत घेतली.

कमी भाड्याचे स्टँडबाय मात्र तरुणांमुळे आणि सैनिकांमुळे पसरले. जेट विमाने आल्याने आसनांची संख्या झपाट्याने वाढली आणि 1960 च्या दशकात कित्येक उड्डाणांत निम्म्याच्या आसपास जागा मोकळ्या जात. रजेवरच्या गणवेशातल्या सैनिकांना निम्म्या भाड्यात, जागा असेल तर, ही सवलत सुरू झाली. 1966 मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने 12 ते 21 वर्षांच्या मुलामुलींना तीच सवलत दिली. त्यासाठी तीन डॉलरचे ओळखपत्र काढावे लागे. इतर कंपन्याही मागोमाग आल्या. सुट्ट्यांच्या गर्दीच्या दिवसांत ही सवलत बंद असे. एरवी विद्यार्थी पाठपिशवी घेऊन विमानतळावर रात्र काढत, एका विमानात जागा मिळाली नाही तर पुढच्याची वाट पाहत. काहींनी खोट्या नावांनी आरक्षणे करून जागा मोकळ्या राहतील अशी तजवीज केली, तेव्हा कंपन्या हैराण झाल्या. न्यूयॉर्ककर विद्यार्थ्यांपुढे तीन विमानतळांचा पर्याय होता, पण बसचे भाडे आणि जाण्यातला वेळ पाहता बहुतेकांना एकावरच तळ ठोकणे भाग पडे. वयावरून भाडे कमी करणे हा भेदभाव आहे असे नियमन मंडळाने अखेर ठरवले, आणि 1974 पर्यंत ही सवलत गुंडाळली गेली.

न येणाऱ्यांच्या भरवशावर कंपन्या जागांपेक्षा जास्त तिकिटे विकत. त्याची परिणती म्हणजे पक्के तिकीट असलेलाही दारात अडकणे. 28 एप्रिल 1972 रोजी ग्राहक हक्कांचे कार्यकर्ते राल्फ नेडर यांच्यावर वॉशिंग्टनच्या विमानतळावर ही वेळ आली. त्यांना हार्टफर्डला सभेसाठी जायचे होते. अलेघेनी एअरलाइन्सने त्यांना छोट्या विमानाने फिलाडेल्फियाला जाऊन तिथून हार्टफर्ड गाठण्याचा मार्ग सुचवला. तो नाकारून ते बॉस्टनला उतरले आणि मोटारीने पुढच्या कार्यक्रमाला पोहोचले. त्यांचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1976 मध्ये न्यायालयाने अशा प्रवाशाला दावा लावण्याचा मार्ग मोकळा ठेवला. अर्थशास्त्रज्ञ ज्युलियन सायमन यांनी 1968 मध्येच सुचवले होते की जागा सोडायला कोण किती पैशांत तयार आहे हे प्रवाशांनाच विचारावे. 1978 पासून आधी स्वेच्छेने जागा सोडणारे शोधण्याचा नियम झाला. प्रवाशाच्या प्रतिष्ठेच्या दृष्टीने ही त्या दशकातली सर्वांत मोलाची सुधारणा मानावी लागते.

अटलांटिकच्या दुसऱ्या बाजूला दुसरे विमानतळ हेच स्वस्त प्रवासाचे दार बनले. लंडनचे मुख्य विमानतळ हीथ्रो. दक्षिणेला गॅटविक, ईशान्येला स्टॅनस्टेड. फ्रेडी लेकर या उद्योजकाने 1971 मध्ये लंडन ते न्यूयॉर्क अशा विनाआरक्षण सेवेसाठी अर्ज केला. तिकीट त्याच दिवशी घ्यायचे, आले त्यांना क्रमाने जागा, जेवण हवे तर विकत. 1972 मध्ये परवाना मिळाला, पण तो स्टॅनस्टेडहून. 1975 मध्ये ब्रिटिश सरकारने संमती काढून घेतली. लेकर न्यायालयात गेला आणि जिंकला. 26 सप्टेंबर 1977 रोजी त्याच्या स्कायट्रेनचे पहिले डीसी-10 अखेर गॅटविकहून केनेडी विमानतळाकडे झेपावले. एका बाजूचे भाडे होते 59 पौंड.

तिकिटे पहाटे चारपासून गॅटविकवर आणि लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनापाशी विकली जात. व्हिक्टोरियाहून गॅटविकला थेट रेल्वे जाते, त्यामुळे शहरातच रांग लावून तिकीट हाती घ्यायचे आणि मग गाडीने विमानतळ गाठायचे, हा क्रम सोयीचा ठरला. स्पर्धेत मागे पडू नये म्हणून ब्रिटिश एअरवेज, पॅन अॅम आणि टीडब्ल्यूए यांनीही त्याच वर्षी स्वस्त स्टँडबाय भाडे आणले. त्यांची विमाने हीथ्रोहून उडत. कमी पैशांत अमेरिकेला निघालेल्यापुढे आता खरी निवड होती. व्हिक्टोरियाला स्कायट्रेनची तिकिटे संपली, तर शहराच्या दुसऱ्या टोकाला हीथ्रोवर नशीब अजमावायचे. 1978 च्या उन्हाळ्यात या रांगा इतक्या वाढल्या की लोक लंडनच्या रस्त्यावर मुक्काम ठोकून बसले.

त्याच 1977 च्या जुलैत ब्रिटन आणि अमेरिका यांच्यात झालेल्या बर्म्युडा करारानेही विमानतळांची विभागणी पक्की केली. हीथ्रोचा हक्क फक्त दोन अमेरिकी कंपन्यांना. बाकीच्यांनी गॅटविक वापरायचे. हे बंधन 2008 मध्ये सुटले. 1978 ते 1986 या काळात हीथ्रो आणि गॅटविक यांच्यात हेलिकॉप्टर चाले. लंडनभोवतीच्या एम-25 या वळणरस्त्याचा या दोन विमानतळांमधला भाग तयार झाल्यावर ते थांबवण्यात आले. लेकरची कंपनी 5 फेब्रुवारी 1982 रोजी बुडाली.

अमेरिकेत 1978 च्या कायद्याने भाड्यांवरचे सरकारी नियंत्रण संपवले आणि दुसऱ्या विमानतळाचे भाग्य उजळले. 1981 मध्ये पीपल एक्सप्रेस या नव्या कंपनीने ओस पडत चाललेल्या नेवार्कवर तळ मांडला, विमानात बसल्यावर पैसे घेण्याची पद्धत ठेवली आणि 1983 मध्ये नेवार्क ते गॅटविक 149 डॉलरात नेऊ लागली. आता भाडे शहराचे न राहता उड्डाणाचे झाले. एकाच दिवशी एकाच शहरातून निघणाऱ्या दोन विमानांची भाडी दुपटीने वेगळी असू शकत, आणि स्वस्त तिकीट दुसऱ्या कंपनीकडे चालेनासे झाले. त्यातच संगणक कोणत्या दिवशी कोणती जागा किती भाड्याला विकावी हे ठरवू लागले. रिकाम्या जागा आधीच स्वस्तात विकल्या जाऊ लागल्या. एकविसाव्या शतकात अमेरिकेतली विमाने ऐंशी टक्क्यांहून अधिक भरून जाऊ लागली. स्वस्त भाड्याचे स्टँडबाय याच हिशेबाने संपवले.

दुसरा फास सुरक्षेचा. 1988 च्या डिसेंबरात स्कॉटलंडमधल्या लॉकरबी गावावर पॅन अॅमचे विमान बॉम्बने फुटले. तो बॉम्ब प्रवाशाशिवाय चढवलेल्या बॅगेत होता. त्यानंतर बॅग आणि तिचा मालक एकाच विमानात असण्याचा आग्रह, विशेषतः आंतरराष्ट्रीय उड्डाणांत, कडक झाला. लाग्वार्डियावर सामान देऊन बसलेला माणूस नेवार्कला जाऊ म्हणाला तर ती बॅग आधी विमानाच्या पोटातून काढावी लागू शकते. आजही विमानतळ बदलण्यातला खरा अडसर हाच आहे. फक्त हातातली बॅग असलेल्याचे काम त्यामानाने सोपे.

स्टँडबाय आज तीन रूपांत उरले आहे: विमान कंपन्यांचे कर्मचारी आणि त्यांचे कुटुंबीय, जास्त तिकिटे विकल्याने वा उड्डाण रद्द झाल्याने अडकलेले प्रवासी, आणि त्याच दिवशी आधीचे किंवा नंतरचे विमान पकडू पाहणारे. 2020 च्या साथीत प्रवासी घटले तेव्हा अमेरिकन आणि युनायटेड या कंपन्यांनी देशांतर्गत प्रवासात या तिसऱ्या प्रकाराचे शुल्क काढून टाकले. विमानतळ बदलू द्यायचे की नाही, हे मात्र ज्या त्या कंपनीच्या नियमावर आणि अनेकदा काउंटरवरच्या माणसावर अवलंबून असते.

हा प्रश्न आता मराठी प्रवाशाच्याही दाराशी आला आहे. गोव्यात दाबोळीच्या जोडीला मोपाचे मनोहर विमानतळ 5 जानेवारी 2023 पासून चालू झाले; एक दक्षिणेला, दुसरे थेट महाराष्ट्राच्या सीमेजवळ. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झाले आणि 25 डिसेंबरपासून तिथून प्रवासी विमाने उडू लागली. मुंबईच्या जुन्या विमानतळाची खूण बीओएम, नव्याची एनएमआय. तिकिटावर यांपैकी जी खूण छापलेली असेल तेच विमानतळ बंधनकारक, आणि दुसरीकडून जायचे असेल तर बदल घर सोडण्याआधीच कंपनीकडून करून घ्यावा लागतो.