जोड्या मोडल्या की अडकल्या?

बेल प्रयोगशाळेतील फिलिप अँडरसन यांचा एक शोधनिबंध ‘फिजिकल रिव्ह्यू’ने १९५८ साली छापला. निबंध दाखल झाल्याची तारीख त्यावरच आहे: १० ऑक्टोबर १९५७. पदार्थातील अव्यवस्था पुरेशी वाढली की इलेक्ट्रॉन पसरत नाही, जागीच जखडतो, असे त्याचे प्रतिपादन. १९५९ मध्ये त्याच लेखणीतून ‘मळकट’ अतिसंवाहकांवरचा निबंध उतरला. अचुंबकीय भेसळीने अतिसंवाहकतेला फारशी बाधा येत नाही. अशा पदार्थातही अतिसंवाहकता घडवणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या कूपर जोड्या जुळतात, असे तो सांगतो.

दोन्ही कागद शेजारी ठेवले की विसंगती वाटते. पण ती वरवरची आहे. दुसरा निबंध सौम्य अव्यवस्थेविषयी आहे. अव्यवस्था वाढत वाढत पहिल्या निबंधाच्या हद्दीत शिरली, तर जोड्यांचे काय होते, हे दोन्हींत नाही. आपला शोध या कोऱ्या जागेचा.

पुढचा भक्कम पुरावा १९८९ चा, मिनेसोटा विद्यापीठातला. हॅविलंड, लिऊ आणि गोल्डमन यांनी जर्मेनियमच्या अस्तरावर बिस्मथचा थर किंचित किंचित वाढवत नेला आणि दर टप्प्यावर त्याचा रोध मोजला. आलेखात ४.३६ ते ७४.२७ अँगस्ट्रॉम जाडीचे वक्र आहेत. पातळ थर थंड होताना निरोधकाकडे झुकतात, जाड थरांचा रोध शून्याकडे कोसळतो. आलेखाखालची टीप चुकवू नये: घेतलेल्या नोंदींपैकी निम्म्याहूनही कमी वक्र येथे दाखवले आहेत. या दोन वर्तनांमधली सीमारेषा ६.४५ किलोओहमजवळ पडते. हा आकडा प्लांकचा स्थिरांक आणि जोडीचा विद्युतभार, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या दुप्पट भार, यांतून निघतो.

१९९० मध्ये फिशर, ग्रिनस्टाइन आणि गर्विन यांनी मांडले की अतिसंवाहकातून निरोधकाकडे जाण्याच्या संक्रमणबिंदूवरचा रोध सार्वत्रिक असावा. या चित्रात निरोधकातही जोड्या शाबूत असतात, फक्त जागी अडकलेल्या. मोह पडावा असे हे चित्र; पण इतर पदार्थांच्या थरांवर सीमेवरचे रोध वेगवेगळे आले. म्हणून ६.४५ या आकड्यावरून जोड्या शाबूत असल्याचे सिद्ध झाले, असे म्हणता येत नाही.

मुळात रोध हा अपुरा साक्षीदार आहे. प्रवाह थांबला एवढेच तो सांगतो. जोड्या मोडल्या की अडकल्या, हे नाही. त्यासाठी ऊर्जापटातील फट पाहावी लागते, कारण जोडी जुळल्याची खूण तिथे उमटते. व्हॅलेस, डाइन्स आणि गार्नो यांनी १९९२ मध्ये बिस्मथवर टनेलिंगने, म्हणजे पातळ अडथळ्यातून आरपार जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या साहाय्याने, ती पाहिली. संक्रमण जवळ येताच फट मिटत गेली. त्यांची साक्ष स्पष्ट होती: जोड्या मोडतात.

विरुद्ध बाजूचा कागद मुंबईचा. १९९८ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील अमित घोसाल, मोहित रांदेरिया आणि नंदिनी त्रिवेदी यांनी संगणकावर द्विमितीय जाळी मांडून गणित केले. अव्यवस्था एकसारखी पसरलेली असूनही अतिसंवाहकतेची बेटे तयार होतात, आणि तीव्र अव्यवस्थेतही फट उरते. हे मर्यादित आकाराच्या प्रतिकृतीचे गणित होते, प्रत्यक्ष मोजमाप नव्हे. पण पुढे काय शोधायचे ते त्याने नेमके सांगितले.

मोजमाप २०११ मध्ये आले. सासेपे आणि सहकाऱ्यांनी इंडियम ऑक्साइडवर स्कॅनिंग टनेलिंग सूक्ष्मदर्शक फिरवला. काही ठिकाणी फट पूर्ण उघडी होती, पण तिच्या कडांवरची टोके गायब होती. ती टोके जोड्या एकतालात असल्याची निशाणी. म्हणजे जोड्या होत्या, त्यांचा मेळ नव्हता. त्याच वर्षी टाटा संस्थेतील प्रताप रायचौधुरी यांच्या गटाने नायोबियम नायट्राइडच्या अत्यंत अव्यवस्थित थरांत, अतिसंवाहकता संपल्यावरच्या तापमानालाही, फटीचा अवशेष नोंदवला.

आता तोल साधू. इंडियम ऑक्साइडमध्ये अडकलेल्या जोड्यांचा पुरावा सबळ आहे. बिस्मथची १९९२ ची साक्षही खोडली गेलेली नाही. त्यामुळे निरोधकाकडे जाणाऱ्या वाटा एकाहून अधिक असाव्यात, असा माझा कयास आहे, आणि तो कयासच. अँडरसन यांच्या दोन निबंधांमधली जागा एका उत्तराने भरेल, हे गृहीतच या कागदपत्रांपुढे टिकत नाही.