भीतीचं भाषांतर

आमच्या घरी दखनी बोलतात. मनात भीतीनं घर केलं की अम्मी म्हणायची, ‘हौल बैठ गया.’ हा ‘हौल’ मराठी कवितेत आणताना मी नेहमी अडतो. धास्ती म्हणू, धडकी म्हणू, की धसका? कवीचा शब्द चुकला तर एक ओळ बिघडते. पण मानसोपचाराच्या प्रश्नावलीतला शब्द चुकला, तर घाबरलेला माणूस निरोगी ठरू शकतो.

अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ मायकेल लिबोविट्झ यांनी १९८७ मध्ये अशी एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. चारचौघांत बोलताना, जेवताना, अधिकाऱ्यासमोर उभं राहताना ज्यांना घाम फुटतो, त्यांच्यासाठी. त्यात प्रसंग २४. प्रत्येक प्रसंगाची भीती किती वाटते आणि तो किती टाळता, या दोन्हींना ० ते ३ गुण. सगळे मिळून १४४. सोयकान, ओझगुवेन आणि गेन्चोझ या संशोधकांनी २००३ मध्ये तिचं तुर्की रूप प्रसिद्ध केलं.

तुर्की भाषेची कहाणी वेगळीच. १९२८ मध्ये तिची अरबी लिपी जाऊन लॅटिन लिपी आली. १९३२ मध्ये भाषासंस्था निघाली आणि अरबी-फारसी शब्दांना देशी पर्याय शोधण्याची मोहीम सुरू झाली. तरी जुने पाहुणे सगळे गेले नाहीत. आपली ‘दहशत’ तिथं ‘देहशेत’ आहे, उर्दूतला ‘अंदेशा’ ‘एन्दिशे’ आहे. त्यांच्या शेजारी अस्सल तुर्की ‘कोर्कू’ म्हणजे भीती, ‘कायगी’ म्हणजे चिंता, आणि दवाखान्यात फ्रेंच वळणाचा ‘आंक्सियेते’. यातून प्राध्यापकाला आणि शेतकऱ्याला सारखाच कळेल असा शब्द निवडायचा.

शब्द सापडला तरी काम संपत नाही. विकत घेतलेली वस्तू दुकानात परत करणं, हा मूळ यादीतला एक प्रसंग. कुणी तो टाळत असेल, तर भीतीपोटी, की तशी रीतच नाही म्हणून? म्हणूनच अशा कामात भाषांतर पुन्हा मूळ भाषेत उलटवून ताडून पाहतात. रुग्ण आणि निरोगी माणसं यांच्या गुणांत फरक पडतो का, तेही तपासतात.

अम्मी बँकेत कधी एकटी गेली नाही. आम्ही त्याला तिची लाज समजत राहिलो. ‘भीती वाटते का?’ या प्रश्नाला तिनं ठाम ‘नाही’ म्हटलं असतं. ‘हौल बैठता क्या?’ असं मात्र तिला कुणी विचारलंच नाही. मीसुद्धा नाही.