ऐकणारा बोलू लागतो

कान आणि वाणी या दोन देणग्या माणसाला निसर्गाने जोडीने दिल्या आहेत. गावच्या पारावर जो ऐकतो तोच क्षणभराने बोलतो, आणि बोलणाऱ्याला समोरच्याचे ऐकून घ्यावे लागते. यंत्रयुगाने या जोडीची ताटातूट केली. ध्वनिक्षेपणाच्या आरंभापासून बोलणारे मूठभर आणि ऐकणारे अगणित अशी वाटणी होऊन बसली. ‘पॉडकास्ट’ या नावाने आज जे घरोघर ऐकले जाते आणि कित्येक घरांत तयारही होते, त्याचे खरे महत्त्व या वाटणीचा इतिहास पाहिल्यावाचून कळणार नाही. तो पाहण्यास मध्य प्रदेशातील मोहगावासारखे गाव फार सोयीचे आहे.

सौसर व पांढुर्णा हा जाम नदीच्या खोऱ्यातील संत्र्यांचा मुलूख मराठी बोलणारा आहे. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. त्यात छिंदवाडा जिल्ह्याच्या दक्षिण भागातील बोली नागपुरी मराठीत घातली आहे. याच सर्वेक्षणासाठी पुढे १९१३ ते १९२९ या काळात देशातील अनेक भाषांच्या ध्वनिमुद्रिका काढण्यात आल्या. बोलींची तुलना करता यावी म्हणून बायबलमधील उधळ्या पुत्राची कथा ठिकठिकाणच्या माणसांकडून सांगवून घेतली जाई. सामान्य माणसाचा आवाज यंत्रात उतरला खरा, पण त्याने काय बोलावे हे दुसऱ्या कोणीतरी ठरविले होते.

पुढे नभोवाणी आली. १९२३ साली मुंबईत हौशी मंडळींचा रेडिओ क्लब निघाला, आणि २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. त्या वेळी बोलण्यास तर परवाना लागेच, पण ऐकण्यासही लागे, आणि त्याची वार्षिक फी दहा रुपये होती. त्या वर्षाच्या अखेरीस साऱ्या देशात असे परवाने चार हजारही नव्हते. ऐकण्याचा हा परवाना पुरता जाण्यास १९८० चे दशक उजाडावे लागले.

परवान्यावाचून बोलण्याची किंमत काय पडे, हे १९४२ साली मुंबईने पाहिले. ‘चले जाव’च्या आंदोलनात पुढारी तुरुंगात गेले आणि वृत्तपत्रांवर निर्बंध आले, तेव्हा उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘काँग्रेस रेडिओ’ गुप्तपणे चालविला. ४२.३४ मीटरवरून बोलणारे हे केंद्र म्हणजे एखाद्या राहत्या घरातील खोली असे. पोलिसांची यंत्रे लहरींचा माग काढीत, म्हणून बिऱ्हाड वरचेवर बदलावे लागे. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी धाड पडली. उषाताई १९४६ पर्यंत कारावासात राहिल्या. घरात बसून देशाशी बोलणे हा त्या काळी असा गुन्हा होता.

स्वातंत्र्यानंतर १६ जुलै १९४८ रोजी नागपूर केंद्र सुरू झाले. नागपूर ही तेव्हा प्रांताची राजधानी होती व छिंदवाडा जिल्हा त्याच प्रांतात होता, त्यामुळे मोहगावाला हे केंद्र घरचेच होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात व तेथून १९६० साली महाराष्ट्रात गेले. छिंदवाडा भोपाळच्या राज्यात राहिला. २०२३ साली सौसर व पांढुर्णा मिळून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला, तोही मध्य प्रदेशातच. शासनव्यवहाराची भाषा हिंदी झाली, पण मध्यम लहरींना सीमेवरचे नाके अडवीत नाहीत. नागपूरची मराठी येथे येऊ शकत होती. येथील मराठीला मात्र उलट वाटेने जाण्यास साधन नव्हते.

उलट वाट काढण्याचा एक मोठा प्रयोग महाराष्ट्रात त्याच वर्षी झाला होता. युनेस्कोच्या साहाय्याने १९५६ साली पुणे केंद्राने पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांसाठी वीस शेतकी कार्यक्रम सादर केले. गावोगावी मंडळे जमत, कार्यक्रम ऐकत, चर्चा करीत आणि आपल्या शंका केंद्राकडे पाठवीत. खेडूत केवळ श्रोता नाही, त्याला विचारावयाचे असते आणि सांगावयाचेही असते, हे या प्रयोगाने दाखविले. तरीही ध्वनिक्षेपक केंद्राच्याच हाती राहिला.

९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. २००६ पासून सामाजिक संस्थांना सामुदायिक रेडिओचे परवाने मिळू लागले. सातारा जिल्ह्यात म्हसवड येथे ‘माणदेशी तरंग’ २००८ साली बोलू लागला. केंद्र गावात आले, पण परवाना, मनोरा आणि संस्था यांची गरज उरलीच.

ही गरज पॉडकास्टने संपविली. ध्वनिमुद्रणे आंतरजालावर ठेवावयाची आणि नवा भाग आला की वर्गणीदाराच्या यंत्रात तो आपोआप उतरावा, ही युक्ती या शतकाच्या आरंभी निघाली. ‘पॉडकास्ट’ हा शब्द २००४ साली एका इंग्रजी वृत्तपत्रात प्रथम छापला गेला. येथे लहरींची वाटणी नाही आणि वेळापत्रकही नाही. अपप्रचार व बदनामी यांविषयीचे कायदे अर्थातच लागू आहेत, आणि ते असावेतही.

साधनांचा बडेजाव मुळीच लागत नाही. साधा मोबाईल पुरतो. खोली लहान, गाद्यागोधड्या व कपडे असलेली निवडावी, कारण मोकळ्या भिंती आवाज परत फेकतात आणि शब्द घुमतो. पंखा बंद ठेवावा. तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित कडेला यंत्र ठेवले म्हणजे ‘प’ आणि ‘फ’चा फुत्कार त्यात आदळत नाही. मुद्रण संपल्यावर अडखळणे काढावे, परंतु बोलणाऱ्याचे हेल पुसू नयेत. मूळ प्रत जपून दोन ठिकाणी ठेवावी. आरंभी गाव, तारीख आणि विषय सांगावा, आणि ज्याचा आवाज घेतला त्याची संमती विचारावी.

मोहगावासारख्या गावी हा केवळ छंद नव्हे. सीमेपलीकडे राहिलेली बोली पाठ्यपुस्तकात येत नाही. हिंदी कार्यालयात आणि प्रमाण मराठी छापखान्यात, यांच्यामध्ये ती फक्त तोंडी जगते. नागपुरी मुलखातील पोळ्याच्या झडत्या, जात्यावरच्या ओव्या, संत्र्याच्या बागेतील कामाचे शब्द, हे सारे म्हाताऱ्या माणसांच्या कंठात आहे, आणि तो कंठ थांबला म्हणजे शब्दही थांबतात. शतकापूर्वी परक्याने यंत्र आणून ठरलेली कथा सांगावयास लावली होती. आज यंत्र घरातच आहे, आणि कोणती कथा सांगावयाची हे आजीने ठरवावयाचे आहे. तिच्यासमोर बसून ते यंत्र चालू करण्याचे काम मात्र नातवंडांचे आहे, आणि ते फार काळ पुढे ढकलता येण्याजोगे नाही.