१५ सप्टेंबर १७७३ : ‘हेक्टर’ पिक्टूच्या किनाऱ्यावर

स्कॉटलंडच्या डोंगराळ प्रदेशातील सुमारे १९० माणसांना घेऊन ‘हेक्टर’ हे जुनाट जहाज १५ सप्टेंबर १७७३ रोजी कॅनडातील नोव्हा स्कॉशियाच्या पिक्टू बंदरात पोहोचले. कलोडनच्या १७४६मधील लढाईतील पराभवानंतर या लोकांची कुळव्यवस्था मोडली होती आणि जमिनीचे खंड वाढत चालले होते. स्कॉटलंडमधील लॉख ब्रूमहून जुलैत निघालेल्या या प्रवासात देवी आणि आमांशाने १८ मुले दगावली. न्यूफाउंडलंडजवळ वादळाने जहाज मागे लोटले, तसे अन्नपाणीही संपत आले. दलालांनी कबूल केलेल्या शेतजमिनीऐवजी समोर दिसले ते घनदाट अरण्य. पेरणीचा हंगामही टळून गेला होता. पहिल्या हिवाळ्यात ही माणसे तगली, त्यात तिथल्या मूळच्या मिकमाक लोकांच्या मदतीचा वाटा मोठा होता. ज्यांची भूमी, त्यांचे हे ऋण आवर्जून सांगायलाच हवे.

पुढे स्कॉटिश स्थलांतरितांची रीघ लागली. कॅनडाचे पहिले पंतप्रधान जॉन ए. मॅकडोनाल्ड हे जन्माने ग्लासगोचे. आज ४० लाखांहून अधिक कॅनडावासी आपले मूळ स्कॉटिश असल्याचे जनगणनेत नोंदवतात.