एका किल्ल्याचे स्थलांतर

येलहंका जंक्शनाहून चिक्कबळ्ळापूरमार्गे कोलारकडे जाणारा लोहमार्ग पूर्वी अडीच फुटी नॅरोगेज होता. आज तेथे ब्रॉडगेज आहे. गावे तीच, स्थानकांची नावे तीच, नंदीचा डोंगरही जागच्या जागी. पण रूळ, स्लीपर, पूल, वळणांची गोलाई हे सारे नव्याने बसवावे लागले. जुना डबा उचलून नव्या रुळांवर ठेवला की काम झाले, असे होत नाही. आमच्या वाचकांपैकी जे रेल्वे खात्यात आहेत त्यांस हे सांगावयास नकोच. संगणकाच्या क्षेत्रातही याच जातीचे एक काम आहे. एका यंत्रासाठी रचलेली कृती दुसऱ्या यंत्रावर चालती करणे, याला त्या व्यवसायात 'पोर्ट करणे' म्हणतात. मूळ कर्त्याचे नाव इतिहासात राहते, गेज बदलणाऱ्याचे सहसा राहत नाही. म्हणून एका गाजलेल्या खेळाच्या निमित्ताने या कामाची हकीकत सांगावी, असे आम्हांस वाटले. विषय मुलांच्या खेळाचा म्हणून कोणी नाक मुरडू नये. सोंगट्यांच्या पटावर राज्ये घालविल्याची कथा आपण मोठ्या गांभीर्याने ऐकतोच.

ज्या 1984 साली येलहंक्यास रेल्वेचा चाके व आस घडविणारा कारखाना सुरू झाला, त्याच वर्षाच्या अखेरीस इंग्लंडातील ॲशबी-डी-ला-झूश या लहानशा गावातून 'नाइट लोअर' नावाचा खेळ बाहेर पडला. कर्ते टिम व ख्रिस स्टॅम्पर हे बंधू. त्यांच्या संस्थेचे नाव 'अल्टिमेट प्ले द गेम'. कथा साधी आहे. सेबरमन नावाच्या वीराला शाप लागलेला असून सूर्य मावळताच तो लांडगामानव होतो. किल्ल्यात एक मांत्रिक आहे व त्याची एक कढई आहे. कढई मागेल ती वस्तू शोधून आणून तीत टाकावयाची, अशा चौदा वस्तू झाल्या की शाप उतरावयाचा. आणि हे सारे चाळीस दिवसांच्या आत. किल्ल्यात दालने 128.

नवल कथेत नव्हते, चित्रणात होते. दालन कोपऱ्यातून, किंचित वरून पाहिल्यासारखे दिसते आणि दूरची वस्तू जवळच्या वस्तूएवढीच मोठी राहते. या रीतीला आयसोमेट्रिक म्हणतात. केंब्रिजच्या विल्यम फॅरिश यांनी 1822 मध्ये यंत्रांची चित्रे काढण्यासाठी तिचे नियम मांडले. पण समांतर रेषा क्षितिजावर न मिळविता वाडा रेखाटण्याची दृष्टी आपल्या लघुचित्रकारांस कितीतरी आधीपासून अवगत होती. संगणकावरही ती सर्वस्वी नवी नव्हती. 1982 चा 'झॅक्सन' व 1983 चा 'ॲन्ट अटॅक' हे खेळ तिच्याच वाटेने गेलेले. स्टॅम्पर बंधूंनी भर घातली ती निराळी. त्यांच्या दालनातील वस्तूला घनता होती. मेज ढकलावे, त्यावर चढावे, तेथून उंच कट्ट्यावर उडी घ्यावी. वीर ठोकळ्यामागे गेला की ठोकळ्याने त्याला बरोबर तेवढेच झाकावे.

हे झाकणे कसे साधले ते पाहण्याजोगे आहे. ज्या सिंक्लेअर स्पेक्ट्रम संगणकावर खेळ रचला त्याची स्मृती 48 किलोबाइट, त्यांतील 6,912 बाइट एकट्या पडद्याने व्यापलेले. पडदा 256 बाय 192 ठिपक्यांचा, आणि आठ बाय आठ ठिपक्यांच्या प्रत्येक चौकटीत दोनच रंग. दोन रंगीत वस्तू एकमेकींवर आल्या की रंगांची सरमिसळ व्हावयाची. म्हणून कर्त्यांनी रंगाचा मोहच सोडला व प्रत्येक दालन एकाच रंगात रंगविले. प्रत्येक चित्राला त्याच्या आकाराचा एक मुखवटा जोडला. मुखवट्याने आधी मागचे पुसावयाचे, मग त्या रित्या जागेत चित्र भरावयाचे. दालनातील वस्तू दूरची आधी, जवळची नंतर अशा क्रमाने लावून एकेक काढीत यावयाचे. वस्तू वाढल्या की हा क्रम लावण्यास व चित्रे भरण्यास वेळ लागे, आणि गर्दीच्या दालनात वीर चिखलातून चालल्यासारखा संथ होई. या संथपणाकडे आम्हांस पुढे परत यावयाचे आहे.

खेळ गाजताच त्याचे स्थलांतर सुरू झाले. ॲमस्ट्रॅडचा संगणक नवा, 1984 चा. त्यातही स्पेक्ट्रमसारखाच झेड-80 प्रक्रियक. मात्र त्याचा पडदा 16 किलोबाइट खातो, म्हणजे तेवढी अधिक चित्रे दर वेळी हलवावी लागतात. जपानात उगम पावलेल्या एमएसएक्स जातीच्या संगणकांत प्रक्रियक पुन्हा तोच, पण पडद्याची स्मृती वेगळ्या चकतीच्या ताब्यात. प्रक्रियकाने तिला हात लावावयाचा नाही. एकेक बाइट खिडकीतून आत सरकवावयाचा. भाषा एकच, पण कचेरीची पद्धत दुसरी! बदलीवर गेलेल्या अधिकाऱ्यास याची कल्पना चटकन येईल. याउलट बीबीसी मायक्रोवर भाषाच निराळी. त्याचा 6502 प्रक्रियक झेड-80 ची एकही आज्ञा जाणत नाही, आणि एकूण स्मृती अवघी 32 किलोबाइट, पडदाही त्यातच. तेथे किल्ला बसविणाऱ्याने तो बसविला, हे आम्हांस त्या काळातील एक मोठे कौशल्य वाटते. जपानी जालेको कंपनीने 1986 मध्ये फॅमिकॉम यंत्रासाठी काढलेला खेळ मात्र नावापुरताच 'नाइट लोअर' होता. त्यास स्थलांतर म्हणावयास आमचे मन घेत नाही.

आपल्या देशाशी या यंत्रांचा संबंध आला तो याच सुमारास. 1984-85 मध्ये केंद्र सरकारने शाळांतून संगणक-साक्षरतेची 'क्लास' ही योजना काढली आणि प्रारंभी सुमारे 250 शाळांत बीबीसी मायक्रो पोहोचले. 1986 पासून डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स ही भारतीय कंपनी स्पेक्ट्रम येथेच तयार करून विकू लागली.

इकडे इंग्लंडात 'नाइट लोअर'ने प्रभावित झालेल्या जॉन रिटमन यांनी चित्रकार बर्नी ड्रमंड यांच्या साहाय्याने 1986 मध्ये 'बॅटमन' व 1987 मध्ये 'हेड ओव्हर हील्स' रचले. त्यांतला दुसरा खेळ पुढे अटारी एसटी व अमिगा या सोळा-बिटी संगणकांवर गेला. नव्या यंत्रांत रंग मुबलक. चित्रे नव्याने रंगली.

पण या इतिहासातील सर्वांत उद्बोधक प्रकरण अलीकडचे आहे. टँडी कंपनीचा कलर कॉम्प्युटर 3 हा 1986 चा घरगुती संगणक, स्पेक्ट्रमहून चार वर्षांनी धाकटा. त्याच्या उमेदीच्या काळात 'नाइट लोअर' त्याच्या वाट्याला आला नाही. यंत्र बाजारातून जाऊन कितीतरी वर्षे लोटल्यावर, गेल्या दशकात, एका हौशी प्रोग्रामरने ते काम केले. असे काम करणाऱ्याच्या हाती कर्त्याचे कागद नसतात. हाती असते ती कॅसेटवरून उतरविलेली हजारो बाइटांची सलग ओळ. त्यात आज्ञा कोठे संपते, चित्र कोठे सुरू होते, याची खूण नसते. ज्यांनी मोडीचे दप्तर हाताळले आहे त्यांस ही अडचण ओळखीची वाटेल. तेथेही शब्द सुटे नसतात, आणि कोठे तोडावयाचे हे अर्थ लागल्यावाचून कळत नाही. आधी वाचन, मग लिप्यंतर.

लिप्यंतरातही गंमत आहे. झेड-80 दोन बाइटांची संख्या ठेवताना लहान भाग आधी ठेवतो. कलर कॉम्प्युटरचा 6809 मोठा भाग आधी ठेवतो. आपण 'एकवीस' म्हणताना एक आधी उच्चारतो आणि आपला कन्नड शेजारी 'इप्पत्तोंदु' म्हणताना वीस आधी उच्चारतो, तसेच हे. येलहंक्याच्या बाजारात या फरकाने फार तर हिशेबाला क्षणभर विलंब होईल. यंत्रात मात्र एक संख्या उलटी पडली तरी किल्ल्याची भिंत नाहीशी होते. म्हणून प्रत्येक आज्ञा तपासून, तिचा हेतू ओळखून, दुसऱ्या भाषेत उतरवावी लागते. मूळातील चुकांसह! ज्या चुकीमुळे एखादी उडी साधते ती सुधारली तर जुना खेळाडू म्हणेल, हा किल्ला तो नव्हे.

आणि येथेच तो संथपणा आडवा येतो. तो गुण की दोष? कर्त्यांनी तो मागितला नव्हता. यंत्राच्या दुर्बलतेने तो लादला होता. परंतु खेळणाऱ्यांच्या बोटांनी उडीची वेळ त्या संथ चालीवरच शिकून घेतली. 2020 मध्ये लोकांच्या हाती पडलेला स्पेक्ट्रम नेक्स्ट हा नवा घरगुती संगणक जुन्या स्पेक्ट्रमचीच आज्ञावली चालवितो, आणि मनात आणल्यास आठपट वेगाने. त्या वेगात गर्दीचे दालन मोकळे श्वास घेते, पण रिकाम्या दालनात वीर डोळ्यांस दिसेनासा होतो. तेव्हा वेग पडद्याच्या सेकंदाला 50 वेळा होणाऱ्या स्फुरणाशी बांधावा लागतो. म्हणजे जुन्या यंत्राला जे आपोआप होई ते नव्या यंत्राकडून मुद्दाम करवून घ्यावयाचे. काहींच्या मते गर्दीतील संथपणाही राखावा, काहींच्या मते तो काढणे हाच नव्या यंत्राचा लाभ. आमचा कौल पहिल्या पक्षाकडे झुकतो, कारण लांडगा होण्यापूर्वी कढईपर्यंत पोहोचण्याची जी धडपड आहे तिच्यात ती चिखलातली पावले मोडतात.

2015 मध्ये 'रेअर रिप्ले' या संग्रहात मूळ कर्त्यांच्या उत्तराधिकारी कंपनीने 'नाइट लोअर' पुन्हा बाजारात आणला. तेथे गेज बदललेले नाही. नव्या यंत्राच्या आत जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल उभी करून मूळ खेळ तीवर चालविला आहे, आणि गर्दीच्या दालनात सेबरमन 1984 प्रमाणेच रेंगाळतो.