फेलिक्स: पहिलं बक्षीस कुणाला मिळालं?

ऑस्करच्या रात्री आपण सगळे जागे असतो. पण युरोपियन फिल्म अवॉर्ड्स? मलाही कालपरवापर्यंत एवढंच माहीत होतं की असं काहीतरी असतं.

तर चला, २६ नोव्हेंबर १९८८. पश्चिम बर्लिन. शहराला अजून भिंतीचा वेढा आहे. तिथल्या 'थिएटर देस वेस्टेन्स'मध्ये हे पुरस्कार पहिल्यांदा दिले गेले. तेव्हा त्यांचं नाव होतं 'फेलिक्स'. आजचं नाव १९९७ मध्ये आलं. हॉलिवूडच्या गर्दीत युरोपच्या सिनेमाला स्वतःचं व्यासपीठ हवं, हा त्यामागचा हेतू.

दिग्दर्शनाचा पुरस्कार विम वेंडर्सला, 'विंग्ज ऑफ डिझायर'साठी. म्हणजे बर्लिनच्याच गोष्टीला. पण सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला भिंतीपलीकडचा, कम्युनिस्ट पोलंडचा: क्षिश्तोफ किश्लोव्स्कीचा 'अ शॉर्ट फिल्म अबाउट किलिंग'.

गोष्ट साधी आहे. एक तरुण एका टॅक्सीवाल्याला मारतो. का, ते कळत नाही. पुढे सरकार त्या तरुणाला फाशी देतं. खुनाचा सीन संपता संपत नाही. फाशीची तयारीही तितक्याच बारकाईने दिसते. दोन्हीकडे दोरी आहे. किश्लोव्स्कीसोबत पटकथा लिहिणारा क्षिश्तोफ पिएसेविच हा स्वतः वकील होता, हे बघताना जाणवतं.

मी हा सिनेमा रात्री मोबाईलवर पाहिला आणि दोनदा पॉज केला. खरं सांगू? एखादी भयंकर बातमी आली की 'फाशीच द्या' असं स्टेटस मीही ठेवलंय. खुन्याची दया यावी असं हा सिनेमा म्हणत नाही. तो फक्त फाशी कशी दिली जाते ते दाखवतो आणि नजर हटवू देत नाही. त्यानंतर ते स्टेटस लिहिणं इतकं सोपं राहत नाही.

त्याच वर्षी, एप्रिल १९८८ मध्ये, पोलंडमध्ये शेवटची फाशी झाली. मग दहा वर्षांनी, १९९८ मध्ये लागू झालेल्या नव्या कायद्यात ही शिक्षाच उरली नाही. एका सिनेमामुळे हे घडलं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. मधल्या काळात अख्खी राजवट बदलली होती. पण देशात या विषयावर वाद चालू असताना हा सिनेमा लोकांसमोर होता, एवढं नक्की.

आणि भिंत? ती पुरस्कारानंतर वर्षभराच्या आत पडली.

म्हणून पुढच्या वेळी विजेत्यांची यादी आली की नुसती स्क्रोल करू नका. त्यातला एक तरी सिनेमा बघा. आणि शेवटची फाशीची गोष्ट ऐकून तुमचं मत बदललं का, तेही कळवा. भेटू पुढच्या भागात!